हंसराजाची जागा

कॉलेजातली मुलं माझ्या पाठीमागे मला ‘ठेचा’ म्हणायची. मला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही, पण तसं दाखवलं असतं तर वर्गात धाक काय राहिला असता? राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. जितक्या लवकर यायचा तितक्याच लवकर जायचा, एवढंच त्यातल्या त्यात बरं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी एका माणसावर भर जंगलात ओरडले, आणि चूक माझी होती.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हा मी केळीच्या पट्ट्यातल्या एका छोट्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायला लागले. माहेर असोद्याचं, सासर जळगावातलं. सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी पाचच्या एसटीने परतायचं. ती चुकली की पुढची कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं, त्यामुळे साडेचारपासूनच माझा एक पाय दाराबाहेर. खिडकीची जागा मिळाली तर मग काय, राणीसारखा प्रवास. दोन्हीकडे केळीच्या बागा, बागांच्या कडेला उन्हाळी वारा अडवायला लावलेली शेवरीची दाट भिंत, आणि पार मागे सातपुड्याची निळी रेघ.

आमच्या विभागात माणसं दोनच, मी आणि नाना. नाना प्रयोगशाळेचे अटेंडंट. माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे, धुळ्याकडचे, नोकरीसाठी इकडे आलेले. इतकी वर्षं आमच्या भागात काढूनही त्यांनी आपली अहिराणी सोडली नाही. प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणायचे, मीही पहिल्या दिवसापासून नानाच म्हणत आले. ते मला ताई म्हणायचे. मॅडम फक्त लोकांसमोर.

दर मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा व्हायची आणि परीक्षेला ताजा हंसराज लागायचा. हंसराज म्हणजे एक नेचा. काळ्या, चकचकीत, तारेसारख्या काड्या आणि त्यावर नाजूक हिरवी पानं. जिथे दगडातून पाणी पाझरतं आणि ऊन पोचत नाही तिथेच तो राहतो. पूर्वी गावच्या विहिरींच्या आतल्या दगडांवर भरपूर असायचा. पण केळीसाठी विहिरी उपसू लागले तशी तिथली ओल गेली, आणि हंसराजही गेला. म्हणून पहिल्याच वर्षी मी नानांना घेऊन यावलपर्यंत एसटीने आणि पुढे पायी सातपुड्यात गेले. डोंगरातून उतरणारी एक घळ नानांनी शोधून ठेवली होती. घळीत झरा, झऱ्याच्या दुसऱ्या वळणावर आंब्याचं जुनं झाड, आणि त्याच्या डाव्या हाताच्या खडकावर हंसराजाची हिरवी झालर. मार्चचं ऊन बाहेर भाजत होतं आणि आत मात्र अंगावर शहारा येईल इतकं गार.

मी हंसराज तोडला आणि नानांना बजावून सांगितलं, दरवर्षी असाच आणायचा. जिथून तोडाल तिथे खडकावर खूण करून यायची, म्हणजे कुठून आणला ते मला कळेल. नानांनी मान डोलावली. त्यांच्या पिशवीत प्रयोगशाळेच्या स्टुलांवर आकडे घालून उरलेल्या पांढऱ्या रंगाचा डबा होता, कशासाठी आणला होता देव जाणे. त्यात बोट बुडवून त्यांनी खडकावर एक ठिपका दिला. मग आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, झऱ्याचं पाणी प्यायलो आणि घरी आलो.

त्या दिवशी माझ्या डोक्यात किडा शिरला. ही घळ दरवर्षी पाहायची. कोण टिकतं, कोण जातं, कोण नवं येतं, सगळं लिहायचं. पुण्याच्या एका सरांना पत्र लिहिलं, ते मार्गदर्शक व्हायला तयार झाले आणि माझं पीएच.डी.चं काम सुरू झालं.

घळीतल्या वनस्पतींचे मी गट केले होते. पहिला गट तेरड्यासारख्या एका पावसाच्या पाहुण्यांचा. पाऊस बरा झाला की घळ गुलाबी, पाऊस रुसला की काही नाही. त्यांच्या एका वर्षावरून काही ठरवायचं नसतं, हे मी ठेच लागल्यावर शिकले. दुसरा गट कंदवाल्यांचा. मुसळी, कळलावी. यांचं सगळं जमिनीच्या आत भरून ठेवलेलं. उन्हाळा कितीही तापला तरी चार-दोन वर्षं काही दाखवायचे नाहीत. मग एखाद्या वर्षी पान जरा बारीक, पुढच्या वर्षी फूल नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही हातात वही घेऊन मोकळ्या जागेकडे बघत उभे. तिसरा गट झुडपांचा. धायटी पूर्वी फुलायची त्याच्या आधीच फुलायला लागली. आणि खालून घाणेरी अशी वर चढत आली की विचारू नका. कुणी थोडी जागा सोडली की ही हजर.

मोठ्या झाडांचं सगळ्यात अवघड. ती बोलतच नाहीत. उंबर, जांभूळ, आंबा जसेच्या तसे उभे. माझ्या विद्यार्थ्यांना वाटायचं, झाडं आहेत म्हणजे जंगल आहे. मी त्यांना म्हणायची, वर कशाला बघता, खाली बघा. या जांभळाची पोरं कुठे आहेत? मुलं शोधायची. पहिल्या काही वर्षांत वीतभर रोपं सापडायची, पुढे पुढे सापडेनाशी झाली. पावसाळ्यात उगवायची आणि पुढचा उन्हाळा बघायच्या आत वाळून जायची. झाड जे आज सांगतं ते फार जुनं असतं, त्याला बोलायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. साग मात्र मजेत. त्याला उन्हाचं काही वाटत नव्हतं. अंजनालाही नाही.

तेव्हा पृथ्वी तापते आहे वगैरे बातम्या कधीमधी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर यायच्या. आमच्याकडे कोण लक्ष देणार? जळगावात ऊन जास्त झालं ही काय बातमी आहे? असोद्याला माझे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, एवढंच म्हणायचे की केळीचं पान पूर्वी मे महिन्यात दुपारी मिटायचं, आता मार्चमध्ये मिटतं. ते शेवरी आणखी दाट लावायचे आणि कामाला लागायचे. मी भाऊंचं बोलणंही वहीत लिहून ठेवलं होतं. सगळाच दोष उन्हाचा, असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. लाकूडतोड होती, शेळ्या होत्या, मुसळी खणून नेणारे होते. पण आमच्या घळीच्या वरच्या अंगाला ना विहीर ना वस्ती, आणि तरीही घळीत बदल दिसत होता.

फक्त एक जण हलला नव्हता. हंसराज.

हाच माझ्या प्रबंधाचा कळस होता. सगळे गट आपापल्या चालीने मागे हटत आहेत, आणि जो सगळ्यात नाजूक, ज्याने सगळ्यात आधी जायला हवं, तो मात्र तिथेच. दुसरं वळण, आंब्याखाली, डावा खडक. पुरावा माझ्या कपाटात होता. दर मार्चमध्ये परीक्षा झाली की उरलेला हंसराज मी दाबून वाळवायचे, जाड कागदावर चिकटवायचे आणि खाली चिठ्ठी लावायचे. असे वर्षावर्षाचे कागद ओळीने. पावसाळ्यात मुलांना घेऊन मी स्वतः दुसऱ्या वळणापर्यंत जायचे तेव्हाही तो तिथे असायचा, चांगला हिरवागार. मार्चमध्ये मात्र मी त्या पहिल्या वर्षानंतर गेले नव्हते. परीक्षांच्या दिवसांत कोण सोडतं? मध्ये माझी दोन बाळंतपणं झाली. मार्चमध्ये नाना जायचे, एकटे, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून हंसराज आणून माझ्या टेबलावर ठेवायचे. मी म्हणायची, वा नाना. आणि पाचच्या एसटीला पळायची.

पुण्याच्या सरांना माझा हा निष्कर्ष फार आवडला. त्यांनी पत्रात माझी पाठ थोपटली आणि मी ते पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं, यजमानांना तर दोनदा. प्रबंध टाइप होऊन आला, पाच प्रती, आता बांधणीला द्यायचा होता. आणि घाई होती. सर त्या जूनमध्ये निवृत्त होणार होते. त्याच्या आत प्रबंध दिला नाही तर नवा मार्गदर्शक शोधायचा, त्याच्या दाराशी पुन्हा उभं राहायचं, आणि तो म्हणेल तिथून सुरुवात करायची. अकरा वर्षांचं काम. रात्री झोपताना मी मनातल्या मनात नावाआधी ‘डॉ.’ लावून बघायचे. खोटं कशाला बोलू.

नानाही त्याच एप्रिलअखेर निवृत्त होणार होते. मार्च लागला तेव्हा मी म्हटलं, नाना, ही तुमची शेवटची फेरी, यंदा मी तुमच्याबरोबर येते. वाटलं होतं ते खूश होतील. ते नुसते म्हणाले, “चाला. पन ताई, चढ शे.” मी म्हटलं, कसला चढ, दुसरं वळण तर आहे. त्यांनी भाकरी बांधून घेतल्या आणि आम्ही निघालो.

सकाळ सुरेख होती. धायटी लाल झाली होती, पळस तर पेटलेलेच. नाना पुढे, मी मागे. दुसऱ्या वळणावर आंबा दिसला तेव्हा मला माहेर दिसल्यासारखं झालं. मी डाव्या खडकाकडे गेले. खडक कोरडा होता. तळहात टेकवला तर तव्यासारखा गरम. हंसराज नव्हता. वाळलेल्या काळ्या काड्यासुद्धा नव्हत्या. एका कोपऱ्यात एक जुना पांढरा ठिपका तेवढा होता.

मी म्हटलं, “नाना, गेला! यंदाच गेला बघा!”

नाना पुढे चालतच होते. वळून म्हणाले, “आठे कोठे देखतस ताई? तो वर गया.”

“वर म्हणजे?”

“चाला ना. दखाडस.”

थोडं वर गेल्यावर त्यांनी एका दगडावर बोट ठेवलं. तिथे हिरवा ठिपका होता. त्याच्या वर काळा. मग जरा उजवीकडे पिवळा, तो हिरव्याच्याही थोडा खाली. मग करडा. मग एक गुलाबी. मी एकेक ठिपका बघत चढत होते आणि मला काही कळत नव्हतं, आणि मग एकदम सगळं कळलं. हिरवा रंग कॉलेजच्या खिडक्यांचा. दुसऱ्या वर्षी खिडक्या रंगवल्या होत्या. काळा, वर्गातल्या फळ्यांचा. करडा, लोखंडी कपाटांचा. आणि गुलाबी? नवे प्राचार्य आले आणि त्यांनी आपली खोली गुलाबी करून घेतली, त्यावर आम्ही सगळे महिनाभर हसत होतो, तो गुलाबी! ज्या वर्षी कॉलेजात जो रंग उरला, नानांनी तो डबा पिशवीत टाकला होता आणि जिथून हंसराज तोडला तिथे बोटाने ठिपका दिला होता. एका वर्षी कॉलेजात रंगकाम झालंच नाही, तेव्हा यावलच्या रस्त्याच्या कामावरचं डांबर.

दरवर्षी थोडं वर. पिवळ्याच्या वर्षी चांगला पाऊस झाला होता, म्हणून तो तेवढा खाली आला होता. बाकी सगळे वर, वर, वर. झऱ्याचं पाणी उन्हाळ्यात जितकं मागे हटत होतं, त्याच्या मागे मागे हंसराज चालला होता. पावसाळ्यात तो खालच्या खडकावर पुन्हा उगवायचा, म्हणून मला दिसायचा; उन्हाळ्यात टिकायचा तो वरच.

मी तिथेच घळीत ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आठवतं तेही लिहिण्यासारखं नाही. अकरा वर्षं तुम्ही मला फसवलंत, असं काहीतरी. चिठ्ठीवर एक आणि इथे भलतंच. हे तुम्ही मला कधी सांगणार होतात? माझा आवाज घळीत घुमत होता आणि वर कुठेतरी वानरं गप्प झाली.

नाना खाली मान घालून उभे राहिले. माझं संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, “तुमीन सांगं, खून करा. मी करी. तुमीन कव्हय इचारंच नही, ताई. आनि चिठ्ठी तं तुम्हनीच छापेल शे.”



चिठ्ठी मीच छापली होती. दुसऱ्या वर्षीच. दरवर्षी स्थळ, उंची, संग्राहक हे पुन्हा पुन्हा कोण लिहीत बसणार, म्हणून ऑफिसातल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर एक स्टेन्सिल कापून चांगल्या दोनशे चिठ्ठ्या काढून ठेवल्या होत्या. स्थळ, दुसरं वळण, आंब्याखाली, डावा खडक. फक्त तारीख हाताने. आणि मग नाना वरून, आणखी वरून, त्याच्याही वरून हंसराज आणत राहिले, आणि मी तीच चिठ्ठी लावत राहिले. माझ्याच चिठ्ठीने मला सांगितलं की हंसराज हलला नाही, आणि मी ते खरं मानलं. नानांनी तर एक अक्षरही खोटं लिहिलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, मॅडमनी छापलंय म्हणजे त्यांना एवढंच हवं असेल.

मी एका दगडावर बसले. राग गेला होता. तो गेल्यावर जे उरलं ते जास्त वाईट होतं. पाच टाइप केलेल्या प्रती डोळ्यांसमोर आल्या, आणि सरांचं ते पत्र. नानांनी भाकरी सोडली, त्यावर ठेचा ठेवला आणि माझ्या हातात दिली. मी रडत रडत खाल्ली. ठेचा असा झणझणीत होता की रडण्याचं कारण सांगावं लागलं नाही.

खाऊन झाल्यावर आम्ही राहिलेलं चढलो. घळ वर निमुळती होत जाते आणि सरळ कड्याला टेकते. कड्याच्या तळाशी, ओणवं होऊन बघावं लागेल अशा कपारीत, झऱ्याचं तोंड आहे. तिथे हंसराज होता. फार नाही, सुपाएवढ्या जागेत. पण हिरवा, ओला, पानांवर थेंब धरून बसलेला. मला इतका आनंद झाला की मी नानांचा हात धरला. अकरा वर्षं हा एवढासा जीव उन्हाशी झगडत चढत आला होता आणि एक माणूस त्याच्या मागोमाग बोटाने ठिपके देत आला होता. तुम्ही म्हणाल, सगळं काम बुडालेलं, आणि हिला आनंद कसला? पण झाला, त्याला मी काय करू.

नानांनी डबा काढला. त्या वर्षी निळा होता, नव्या फाटकाचा. त्यांनी कपारीच्या ओठावर ठिपका दिला, बोट पुसलं आणि वर बघितलं. वर उघडा कातळ आणि ऊन.

“येना वर जागा नही, ताई,” ते म्हणाले.

मग त्यांनी परीक्षेपुरत्या तीन काड्या तोडल्या. मी म्हटलं, दोन पुरेत. तिसरी तोडून झाली होती.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. मी विचारलं, नाना, आता काय करू? प्रबंध तर टाइप झालाय. कुणाला कळणार आहे? खरंच विचारलं मी असं. लाज वाटते, पण विचारलं. वाटेतल्या एका थांब्यावर माणसं चढली, उतरली. मग नाना म्हणाले, “कोनले नही कळाव. पन मन्हा ठिपका तठे शेतस ना.”

घरी आले ती सरळ पत्र लिहायला बसले. सरांना सगळं कळवलं, ठिपक्यांसकट, गुलाबी प्राचार्यांसकट. वाटलं होतं सर रागावतील. उलट टपाली उत्तर आलं ते मी अजून जपून ठेवलंय. माझ्या हातून तुझा प्रबंध होणार नाही याचं वाईट वाटतं, त्यांनी लिहिलं होतं, पण आता तो खरा होईल. त्यांनी स्वतःच मला दुसरे मार्गदर्शक मिळवून दिले. आणि खाली एक सूचना होती. नमुन्यावरची जुनी चिठ्ठी काढायची नाही, खोडायचीही नाही. चूक तशीच दिसली पाहिजे. शेजारी नवी चिठ्ठी लाव.

प्रबंध पुढे दोन वर्षांनी झाला. त्यात हंसराजाचं प्रकरण सगळ्यात लांब आणि सगळ्यात चांगलं. मग तो ‘डॉ.’ लागला एकदाचा, आणि भाऊंनी असोद्यात पेढे वाटले. पण मला जे आठवतं ते त्याच्या आधीचं, एप्रिलच्या शेवटच्या दिवसाचं.

नानांचा कॉलेजातला तो अखेरचा दिवस. सकाळी छोटा समारंभ झाला, नारळ-शाल झाली, गुलाबी खोलीवाले प्राचार्य छान बोलले. दुपारी सगळे पांगले. बाहेर ऊन असं की कावळासुद्धा बोलत नव्हता. नानांनी शाल घडी करून पिशवीत ठेवली आणि सवयीने प्रयोगशाळेत आले. मी कपाटातून यंदाच्या आधीचे अकराही कागद काढून लांब टेबलावर मांडले होते. म्हटलं, नाना, बसा. आज नव्या चिठ्ठ्या करायच्यात. तुम्ही रंग सांगा, मी जागा लिहिते.

आम्हाला मोठी मजा आली. नाना एकेक कागद हातात घ्यायचे, तारीख मला वाचायला लावायचे, आणि डोळे मिटून आठवायचे. “हाई खिडकीवालं साल.” मी लिहायचे, दुसऱ्या वळणाच्या वर, पहिला मोठा दगड. “हाई डांबरवालं. तवय मन्ही चप्पल चिकटनी व्हती.” आम्ही दोघंही हसायचो. गुलाबीपाशी आलो तेव्हा तर मला हसू आवरेना, आणि समोरच्या खोलीत प्राचार्य होते म्हणून तोंडात पदर घालावा लागला.

स्थळ झालं, तारीख झाली. मग खालची ओळ आली. संग्राहक.

जुन्या चिठ्ठीवर तिथे माझं नाव होतं. छापलेलं, आडनावासकट, पदवीसकट. पहिला कागद माझाच होता, त्या दिवशी मीच तोडला होता. बाकीचे दहा? मी टेबलावर ओळीने बघत गेले. माझं नाव, माझं नाव, माझं नाव. यंदाच्या आधी त्या चढाने मी एकदाही गेले नव्हते. जागेची चूक मला जंगलात कळली होती. ही मला अकरा वर्षं समोर दिसत होती आणि मी ती वाचलीच नव्हती.

पेन टेकवलं आणि ‘ना’ लिहिता लिहिता थांबले. शास्त्राच्या चिठ्ठीवर नाना असं लिहिता येत नाही. पूर्ण नाव लिहावं लागतं. मी मनात शोधलं. आठवलं नाही. कधी ऐकलं असेल तर आठवणार. सकाळी समारंभातही प्राचार्य ‘आपले नाना’ असंच म्हणाले होते.

मी मान वर केली.

“नाना, तुमचं पूर्ण नाव काय?”

ते जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या करत होते. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्यांनी माझ्या हाताखालची चिठ्ठी बघितली, ती ओळ बघितली, आणि घडी तशीच हातात राहिली. त्यांनी नाव सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि मी विचारलं नव्हतं तरी गावाचंही सांगितलं. मी दहाही चिठ्ठ्यांवर ते लिहिलं, गावासकट. सावकाश, परीक्षेला बसल्यासारखं.

नानांनी दहाही कागद खिडकीपाशी नेले. ते वाचताना अक्षराखाली बोट फिरवायचे. पहिल्या कागदावर नाव वाचलं. मग दुसऱ्यावर वाचलं. तेच नाव होतं, तरी तिसऱ्यावरही वाचलं. मी घड्याळाकडे बघितलं. पाच वाजायला आले होते आणि स्टँडकडून गाडीचा हॉर्न ऐकू येत होता. मी बसून राहिले. गाडी गेली. नाना सातव्या कागदावर होते.

दहावा झाल्यावर त्यांनी कागद पुन्हा टेबलावर एकाशेजारी एक मांडले. मी म्हटलं, ठेवूया का कपाटात?

“शाई सुकू द्या, ताई,” ते म्हणाले, आणि स्टूल ओढून माझ्याशेजारी बसले.